फाइलझिला: फाइल पाठवणे आणि तिची पोच घेणे

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे चादरी, टॉवेल आणि नॅपकिन यांच्या घाऊक विक्रीचे दुकान आहे. दुकानाच्या वेबसाइटचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे आणि या काळात वेबसाइटच्या फाइली होस्टिंगच्या (वेबसाइट इंटरनेटवर ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या) खात्यावर चढवण्यासाठी मी मुख्यतः फाइलझिला हाच प्रोग्रॅम वापरला आहे. त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आमच्या ओळीतल्या बऱ्याच दुकानदारांनी वेबसाइट करून घेतली आहे, परंतु एका चादरीचा भाव किंवा एका टॉवेलचा फोटो बदलायचा झाला तरी त्यांना ती करून देणाऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. फाइली चढवण्याचे काम वास्तविक कोणालाही शिकता येण्याजोगे आहे. मात्र चुकले तर कुठे चुकले हे स्पष्ट सांगणारे साधन हाताशी असावे लागते.

आमच्या व्यवसायात माल पाठवणाऱ्याच्या हाती दोन वेगळे कागद येतात. गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात दिल्या की बिल्टी मिळते. समोरच्या व्यापाऱ्याने माल उतरवून, मोजून घेतला की त्याची पोच येते. बिल्टीला कोणी पोच समजू नये, हे आमच्याकडे दुकानात नव्याने बसू लागलेल्या मुलालाही पहिल्या आठवड्यातच सांगितले जाते. फाइली चढवण्याची साधने मी याच कसोटीवर पाहते. ‘अपलोड पूर्ण’ अशी हिरवी पट्टी दाखवली की बिल्टी मिळाली. कोणती फाइल पोचली, कोणती अडली, कोणती जुन्या फाइलीच्या जागी बसली आणि कोणती वगळली गेली, हे एकेका फाइलीचे नाव घेऊन सांगितले तर ती पोच. फाइलझिला अशी पोच देतो आणि माझ्या लेखी त्याचे मोल बाकीच्या सर्व सोयींपेक्षा अधिक आहे.

हा प्रोग्रॅम २००१ साली टिम कोसे आणि त्यांच्या दोन सहाध्यायांनी संगणकशास्त्राच्या वर्गातील प्रकल्प म्हणून सुरू केला. तो मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य मिळतो आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. फाइलझिला प्रो ही विकतची आवृत्ती वेगळी असून ती गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या साठवणसेवांशीही जोडता येते. साध्या होस्टिंग खात्यासाठी तिची गरज पडत नाही. फाइलझिला सर्व्हर नावाचा आणखी एक प्रोग्रॅम त्याच संकेतस्थळावर दिसतो. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो फाइलझिला क्लायंट, म्हणजे आपल्या संगणकावरून फाइली पाठवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर उतरवताना एक काळजी अवश्य घ्यावी. मुख्य पानावरील मोठ्या बटणाने जो इन्स्टॉलर मिळतो त्यात जाहिरातदारांचे इतर प्रोग्रॅम सुचवलेले असतात आणि ते घाईघाईने ‘पुढे’ दाबणाऱ्याच्या संगणकावर येऊन बसतात. त्याच ठिकाणी उतरवण्याच्या अन्य पर्यायांचे पान आहे. तेथील इन्स्टॉलरमध्ये ही भर नसते. ज्या प्रोग्रॅमवर विसंबून आपण पासवर्ड टाकणार, त्याने नवख्या माणसाला पहिल्याच पावलावर सावध राहायला लावावे, हे मला मुळीच पसंत नाही.

फाइली पाठवण्याच्या ज्या एफटीपी पद्धतीवर या प्रोग्रॅमची उभारणी झाली ती त्याच्याहून ३० वर्षांनी जुनी आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटी संस्थेत असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला आराखडा लिहिला, आणि आज रूढ असलेले तिचे रूप ऑक्टोबर १९८५ मध्ये ठरले. पूर्वी ब्राउझरमधूनच एफटीपीचा पत्ता उघडता येत असे. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली. त्यामुळे आता या कामासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम घ्यावा लागतो, नाहीतर होस्टिंगच्या नियंत्रण कक्षातील, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानावरील, फाइल मॅनेजरवर भागवावे लागते.

फाइलझिला उघडल्यावर पडदा प्रथमदर्शनी गजबजलेला वाटतो, पण त्याची मांडणी हिशोबाच्या वहीसारखी आहे. डावीकडे आपल्या संगणकावरील फोल्डर आणि उजवीकडे सर्व्हरवरील, म्हणजे होस्टिंगच्या संगणकावरील, फोल्डर असतात. वरच्या बाजूला सर्व्हरशी चाललेला संवाद ओळीओळीने उमटत जातो, आणि तळाशी रांगेतल्या, अडलेल्या व यशस्वी झालेल्या फाइलींच्या तीन याद्या असतात. नवीन माणूस वरचा संवाद वाचत नाही, कारण तो इंग्रजीत आणि आकड्यांत असतो. माझा आग्रह आहे की तो वाचावा. एफटीपीच्या सर्व्हरने दिलेल्या प्रत्येक उत्तराच्या आधी तीन अंकी क्रमांक असतो. २२६ आला की फाइल सर्व्हरने पूर्ण स्वीकारली. ५३० आला की नाव किंवा पासवर्ड चुकला, ५५० आला की फाइल सापडत नाही अथवा तिला हात लावण्याची परवानगी नाही, ५५२ आला की खात्यातील जागा संपली, आणि ४२१ आला की सर्व्हर सध्या जोडणी देत नाही. एवढे पाच क्रमांक पाठ असले तर मदतकेंद्राला करावे लागणारे निम्मे फोन वाचतात, असा माझा अनुभव आहे.

जागा संपण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. दिवाळीच्या आधी नव्या जेकार्ड चादरींचे १८० फोटो चढवत असताना सुमारे साठाव्या फोटोनंतर एकामागून एक फाइली ‘अडलेल्या’ यादीत जाऊ लागल्या. वरच्या संवादात जागेची मर्यादा ओलांडल्याचे स्पष्ट लिहिले होते. वेबसाइट तर लहान, मग जागा गेली कुठे, याचा शोध घेतल्यावर लक्षात आले की दुकानाच्या ईमेलचे खातेही त्याच होस्टिंगवर असल्याने ग्राहकांनी पाठवलेल्या मोठमोठ्या जोडपत्रांनी ती व्यापली होती. घरच्यांच्या संमतीने जुनी पत्रे काढली, अडलेल्या फाइलींवर उजवी कळ दाबून त्या पुन्हा रांगेत घातल्या आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. कोणते ६० गेले आणि कोणते १२० राहिले हे मोजत बसावे लागले नाही.

सुरुवातीला मला सर्वांत जास्त वेळ लागला तो फाइल नेमकी कुठे ठेवायची हे समजून घेण्यात. सीपॅनल नावाचा नियंत्रण कक्ष असलेल्या बहुतेक होस्टिंगमध्ये जगाला दिसणारी फाइल ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्येच असावी लागते. त्याच्या बाहेर ठेवलेली फाइल सुखरूप पोचते, पण पत्ता टाकून पाहणाऱ्याला दिसत नाही. मुख्य पानाचे नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असे आणि तेही लहान इंग्रजी अक्षरांत ठेवावे. सीपॅनलमध्ये एफटीपीचे नवीन उपखाते काढताना फोल्डरच्या रकान्यात त्या खात्याच्या नावाचा एक आतला फोल्डर आपोआप भरलेला असतो. तो तसाच राहू दिला, तर फाइली त्या आतल्या फोल्डरात जातात आणि वेबसाइट कोरी राहते. माझी पहिली संपूर्ण वेबसाइट अशी चुकीच्या ओसरीवर दोन दिवस पडून होती. आमच्या होस्टिंग कंपनीच्या मदतकेंद्राने दोन्ही दिवस ‘फाइली तर आल्या आहेत’ एवढेच उत्तर दिले. ते उत्तर खरे होते, पण उपयोगाचे नव्हते. सीपॅनलमध्ये त्या उपखात्यासमोर लिहिलेला पूर्ण मार्ग मी नीट वाचला असता, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

सुरक्षिततेबाबत मी जरा कडक मत देणार आहे. साध्या एफटीपीत नाव, पासवर्ड आणि फाइलीतला मजकूर हे सर्व उघड्या स्वरूपात प्रवास करते. वाटेत कोणी पाहत असेल तर त्याला ते वाचता येते. म्हणून फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये खाते नोंदवताना टीएलएस (जोडणीतला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत) सक्तीचे करणारा पर्याय निवडावा, किंवा होस्टिंगने एसएसएच या दुसऱ्या कुलूपबंद जोडणीची सोय दिली असेल तर एसएफटीपी निवडावे. नावे सारखी वाटली तरी या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिलीत एफटीपीलाच कुलूप लावलेले असते व ती साधारणपणे २१ क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या जोडणीच्या दारावर) चालते. दुसरी एसएसएचच्या आधाराने २२ क्रमांकावर चालते. टीएलएसने जोडताना कधीकधी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरील नाव जुळत नसल्याचा इशारा येतो, कारण आपण स्वतःच्या डोमेनचे नाव टाकलेले असते आणि प्रमाणपत्र मात्र होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावाने काढलेले असते. अशा वेळी डोळे मिटून होकार देण्याऐवजी होस्टिंगकडून सर्व्हरचे नेमके नाव मागून घ्यावे आणि तेच ‘होस्ट’ या रकान्यात लिहावे.

साठवलेल्या पासवर्डांचा मुद्दाही याच अनुषंगाने येतो. मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकीचे पासवर्ड कुलूपबंद करणारा एक पासवर्ड, घातलेला नसेल तर फाइलझिला खात्यांचे पासवर्ड आपल्या संगणकावरील एका साध्या फाइलीत ठेवतो आणि त्या फाइलीपर्यंत पोचलेल्या कोणालाही ते उलगडता येतात. सेटिंगमध्ये मास्टर पासवर्डची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. दुकानातील संगणकावर तीन-चार माणसांचा हात फिरतो, कोणी भावपत्रक छापतो, कोणी बँकेचे पान उघडतो. अशा ठिकाणी पासवर्ड साठवायचाच नाही आणि दर वेळी विचारायला लावायचे, हे अधिक चांगले. मी घरच्या लॅपटॉपवर मास्टर पासवर्ड ठेवला आहे आणि दुकानात काहीच साठवलेले नाही.

एकाच वेळी किती फाइली पाठवायच्या हा आकडा मुळात दोन असतो आणि तो दहापर्यंत वाढवता येतो. मी उत्साहाने दहा केला आणि थोड्याच वेळात सर्व्हरने ४२१ सांगून जोडण्या नाकारायला सुरुवात केली, कारण सामायिक होस्टिंगवर एका इंटरनेट पत्त्यावरून किती जोडण्या घ्यायच्या याला मर्यादा असते. आकडा पुन्हा दोनवर आणल्यावर सगळे सुरळीत झाले. याहून गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे चुकीचा पासवर्ड पाच-सहा वेळा टाकल्यावर सर्व्हरच्या संरक्षक भिंतीने आमचा इंटरनेट पत्ताच काही काळ अडवला. मग फाइलझिला जोडेना आणि आमची स्वतःची वेबसाइटही दुकानातून उघडेना, त्यामुळे वेबसाइट बंद पडली असाच सर्वांचा समज झाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाहिले तेव्हा ती व्यवस्थित चालू होती. जोडणी अचानक पूर्ण तुटली तर दुसऱ्या नेटवर्कवरून पाहणे, ही खातरजमा मी तेव्हापासून सर्वांत आधी करते.

फोटोंच्या नावांचा विषय आमच्यासारख्या दुकानांसाठी महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलींच्या शेवटी ‘जेपीजी’ ही अक्षरे बहुधा मोठ्या इंग्रजी लिपीत असतात आणि पान लिहिताना आपण ती लहान लिपीत लिहितो. विंडोजला दोन्ही सारखीच, त्यामुळे विंडोजच्या संगणकावर पान अगदी छान दिसते. बहुतेक होस्टिंग लिनक्सवर चालते आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात, त्यामुळे सर्व्हरवर फोटोच्या जागी रिकामी चौकट येते. फाइल पोचलेली असते, २२६ आलेला असतो, तरीही ती दिसत नाही. आता मी चढवण्यापूर्वीच सर्व नावे लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न ठेवता करून घेते.

आमच्या काही पानांची मराठीखेरीज तेलुगू आणि कन्नड रूपेही आहेत, कारण गिऱ्हाईक तेलंगणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे आहे आणि आमच्या दुकानात या तिन्ही भाषा रोज कानावर पडतात. पानांतला मजकूर यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत असल्याने चढवताना त्याला काहीही होत नाही. फाइलींची नावे देवनागरीत ठेवण्याचा मोह मात्र मी आवरला. फाइलझिला आणि आजचे सर्व्हर अशी नावे सांभाळतात, परंतु यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (संगणकाच्या साठवणीची लहान एकके) घेते आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘चादर’ या शब्दात काना धरून चार चिन्हे आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या दुव्यात त्यांची छत्तीस अक्षरे झाली आणि एका व्यापाऱ्याने हा दुवा फसवणुकीचा वाटतो म्हणून फोन केला. त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

आता वेगाविषयी. एफटीपीत प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्र वाहिनी उघडावी व बंद करावी लागते, त्यामुळे एक मोठी फाइल पटकन जाते आणि तेवढ्याच आकाराच्या हजार लहान फाइलींना पुष्कळ जास्त वेळ लागतो. आमच्या वेबसाइटवर हजाराहून अधिक फोटो आहेत. पहिल्यांदा सगळे एकेक करून पाठवले तेव्हा संध्याकाळी सुरू केलेले काम जेवणे होऊन गेली तरी संपले नव्हते. नंतर होस्टिंग बदलताना मी सर्व फोल्डरांची एक झिप फाइल केली, ती फाइलझिलाने चढवली आणि नियंत्रण कक्षातील फाइल मॅनेजरमध्ये जाऊन तिथल्या तिथे उलगडली. मोठ्या पहिल्या चढवणीसाठी हीच रीत योग्य आहे. वीज गेली किंवा जोडणी तुटली तर अर्ध्यावर राहिलेली झिप जिथे थांबली तिथून पुढे पाठवता येते. उन्हाळ्यात अवेळी वीज जाण्याच्या दिवसांत ही सोय फार कामाची ठरली. उलगडल्यानंतर झिप फाइल सर्व्हरवरून काढून टाकायला विसरू नये, कारण पब्लिक एचटीएमएलमधली झिप नाव माहीत असलेल्या कोणालाही उतरवून घेता येते.

नुसता फाइल मॅनेजर पुरेसा नाही का, असे मला अनेकांनी विचारले आहे. महिन्यातून एकदा एक भावपत्रक बदलायचे असेल तर पुरेसा आहे, आणि त्यासाठी कोणी फाइलझिला शिकण्याचा खटाटोप करू नये. पण त्यात सबंध फोल्डर ओढून टाकता येत नाही, त्यामुळे आत दहा फोल्डर असलेला संग्रह झिप केल्याशिवाय चढवणे कष्टाचे होते; शिवाय ब्राउझरची खिडकी चुकून बंद झाली की उरलेल्या फाइलींची यादी हाती राहत नाही. फाइलझिला मात्र आपण मध्येच बंद केला तरी उरलेली रांग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो.

फाइलझिलातील सर्वांत मोलाची सोय मला दीड वर्षानंतर सापडली. ती म्हणजे दोन्ही बाजूंच्या फोल्डरांची तुलना. ती सुरू केली की केवळ एकाच बाजूला असलेली फाइल पिवळ्या रंगात, दुसऱ्या बाजूपेक्षा नवी असलेली हिरव्या रंगात आणि आकार न जुळणारी लाल रंगात दिसते. सारख्या फाइली लपवण्याचा पर्याय दिला की हजार फोटोंमधून फक्त तफावत असलेले चार-पाच समोर उरतात. २२६ क्रमांकाने सर्व्हरने फाइल घेतल्याचे कळते, पण आपल्याकडे आहे तीच आणि तेवढीच ती तिकडे आहे का, हे या तुलनेने कळते. व्यापाऱ्याने गाठी उतरवून घेतल्या आणि नग मोजले, या दोन गोष्टींतील अंतर येथे भरून निघते.

या सोयीने मला आरंभी मोठ्या संभ्रमातही टाकले. फोटो सगळे जुळत, पण एचटीएमएलची जवळजवळ प्रत्येक फाइल लाल दिसे. पुन्हा चढवली तरी लालच. फाइलींमध्ये बिघाड आहे असे समजून मी एक संपूर्ण रविवार त्या पुन्हापुन्हा पाठवण्यात घालवला. कारण पुढे समजले. विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात आणि लिनक्सवर एकच. फाइलझिला मुळात ‘आपोआप’ या पद्धतीवर असतो व एचटीएमएलसारख्या फाइलींना मजकूर समजून एफटीपीच्या आस्की रीतीने पाठवतो, तेव्हा ओळ संपवणारे एक चिन्ह वाटेत गाळले जाते. पाचशे ओळींची फाइल सर्व्हरवर नेमकी पाचशे बाइटनी लहान होते. पान नीटच दिसते, परंतु आकार जुळत नाही. ‘ट्रान्सफर’ या मेनूत प्रकार ‘बायनरी’, म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठवणारा, असा ठरवून सर्व फाइली एकदाच नव्याने चढवल्या आणि लाल रंग गेला. एसएफटीपीने जोडणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे फाइल जशी आहे तशीच जाते. माझे स्पष्ट मत आहे की आजच्या काळात ‘बायनरी’ हीच पद्धत मुळापासून असावी. आस्की पद्धतीचा आपल्यासारख्यांना उपयोग जवळजवळ नाही आणि तुलनेच्या उत्तम सोयीवर मात्र ती अविश्वास निर्माण करते.

त्याच नावाची फाइल सर्व्हरवर आधीच असेल तर प्रोग्रॅम थांबून विचारतो: तिच्या जागी ही बसवायची का, ही नवी असेल तरच बसवायची का, आकार वेगळा असेल तरच का, नाव बदलायचे का, की वगळायचे. येथे घाई करू नये. ‘नवी असेल तरच’ हा पर्याय सोयीचा वाटतो, परंतु सर्व्हरवरील फाइलीला बहुधा ती चढवली त्या वेळेची तारीख लागते, घरच्या फाइलीची मूळ तारीख लागत नाही; त्यामुळे दुसऱ्या संगणकावर आधी दुरुस्त केलेली आणि नंतर आणलेली फाइल जुनी समजून वगळली जाऊ शकते. मूळ तारखा जपण्याचा पर्याय ‘ट्रान्सफर’ मेनूत आहे आणि सर्व्हरने साथ दिली तर तो चालतो. मी तो सुरू ठेवला आहे, तरी निवड मात्र आकार वेगळा असल्यास किंवा पाठवायची फाइल नवी असल्यास बदलण्याचीच करते.

चढवण्याच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सांगेन. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे लोक शहरात असतात आणि आमच्या वेबसाइटवर पत्ता, वेळ व भाव पाहणाऱ्यांची संख्या वाढते. एका वर्षी भर दुपारी मी नवी पाने आधी आणि फोटो नंतर चढवले. त्या पाऊण तासात जो कोणी आला त्याला भाव दिसले, पण चादरींच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या. तेव्हापासून फोटो आधी, रंगरूप ठरवणाऱ्या फाइली त्यानंतर आणि पाने सर्वांत शेवटी, असा क्रम मी पाळते. रांगेतल्या फाइलींना अग्रक्रम देता येत असल्याने हे एका फेरीतही साधते. मोठे बदल रात्री दहानंतरच करते.

सर्व्हरच्या बाजूला हात जपून चालवावा लागतो. माउसने धरलेला फोल्डर शेजारच्या फोल्डरवर सुटला तर तो त्याच्या आत जाऊन बसतो. माझ्या हातून ‘फोटो’ हा सबंध फोल्डर असाच ‘भावपत्रके’ या फोल्डरात गेला आणि वेबसाइटवरील प्रत्येक चित्र एकदम नाहीसे झाले. वरच्या संवादातील शेवटच्या ओळी वाचल्यावर तो कुठे गेला ते कळले आणि परत आणता आला. एफटीपीने पुसलेली फाइल मात्र परत येत नाही, कारण तेथे कचरापेटी नसते. सीपॅनलचा फाइल मॅनेजर पुसलेली फाइल आपण वेगळे सांगितले नाही तर आधी कचरापेटीत टाकतो, म्हणून पुसण्याचे काम मी तिथेच करते. फाइलींच्या परवानग्या, म्हणजे कोणी वाचायचे आणि कोणी लिहायचे हे, बदलण्यासाठी फाइलझिलाच चांगला आहे. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ हे नेहमीचे आकडे आहेत. फक्त फाइलींना किंवा फक्त फोल्डरांना एकदम लागू करण्याची सोय असल्याने चूक होत नाही. अडचण आली म्हणून ७७७ देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्याने सर्वांनाच लिहिण्याची मुभा मिळते.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. मोबाइलसाठी फाइलझिला नाही, त्यामुळे दुकानात उभे राहून फोनवरून फोटो थेट चढवायचे असतील तर दुसरे साधन पाहावे लागते. तुलना तो दाखवतो, पण दोन्ही बाजू आपोआप सारख्या करत नाही. केवळ विंडोज वापरणाऱ्याला ते हवे असेल तर विनएससीपी हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. त्यात फोल्डर जुळवून घेण्याची आणि तेच ते काम आज्ञावली लिहून करवून घेण्याची सोय आहे. मी तो काही दिवस वापरला आणि तो उत्तम आहे, तरीही फाइलझिलाकडे परतले, कारण घरचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो आणि दोन ठिकाणी दोन प्रोग्रॅम सांभाळणे मला नको होते. शिवाय आपोआप जुळवण्यात चुकीची दिशा निवडली गेली तर सर्व्हरवरील नव्या फाइली जुन्या होऊन बसतात. मला तफावत डोळ्यांनी पाहून मग हलवणे अधिक निर्धोक वाटते.

ज्यांची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे त्यांना रोजच्या मजकुरासाठी याची गरज पडणार नाही. एखाद्या प्लगइनमुळे (जोडून घेतलेल्या जादा सोयीमुळे) वेबसाइट बंद पडून आतच जाता येईनासे झाले, तर त्या प्लगइनच्या फोल्डराचे नाव फाइलझिलातून बदलले की तो निष्क्रिय होतो. तेवढ्या एका कामासाठीही तो संगणकावर असावा.

होस्टिंग निवडतानाच काही गोष्टी विचारून घेतल्या तर या प्रोग्रॅमचा पूर्ण उपयोग होतो. एफटीपी टीएलएससह मिळते का आणि सर्व्हरचे नेमके नाव काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावे. एका पत्त्यावरून किती जोडण्या चालतात, जागेच्या मर्यादेत ईमेल धरले जातात का, आणि फोल्डरपुरते मर्यादित उपखाते काढता येते का, हेही विचारावे. या शेवटच्या सोयीमुळे मी माझ्या चुलतभावाला केवळ ‘फोटो’ फोल्डरापुरते उपखाते काढून दिले आहे; तो अक्कलकोट रोडवरील कारखान्यातूनच नव्या मालाचे फोटो चढवतो आणि मुख्य पानांना त्याचा हात लागत नाही. सीपॅनलवर अशी उपखाती सहसा एसएफटीपीने जोडत नाहीत, मुख्य खातेच जोडते. म्हणून त्याच्या फाइलझिलात मी टीएलएस सक्तीचे आणि पद्धत ‘बायनरी’ अशी ठरवून दिली आहे, आणि काम संपले की अडलेल्या फाइलींच्या यादीचे चित्र तो मला पाठवतो.